यष्टिरक्षक फक्त धावांवर तोलायचा?

महोदय,
रविवारच्या क्रीडा पुरवणीतील यष्टिरक्षकांवरचा लेख वाचला. त्यात प्रत्येकाची कारकीर्द फलंदाजीच्या सरासरीवरच मोजली आहे, हे पटले नाही. जानेवारी १९८८ च्या मद्रास कसोटीत नरेंद्र हिरवाणीने पदार्पणातच १६ बळी घेतले, ते सर्वांना आठवतात. त्याच सामन्यात किरण मोरे यांनी सहा फलंदाजांना यष्टिचीत केले. त्या विक्रमाला लेखात एक ओळही नाही! सय्यद किरमाणी यांच्या १९८ कसोटी बळींचाही उल्लेख नाही. आमच्या कोल्हापुरातही ग्लोव्ह्ज घालणाऱ्या पोराला आधी ‘बॅटिंग येते का?’ असेच विचारतात. निवड चाचणीत त्याला निदान दोन षटके फिरकीसमोर स्टंपांजवळ उभे करून पाहावे.

– एक क्रिकेटप्रेमी, शिवाजी पेठ, कोल्हापूर