आमचं नाव पुढे करू नकोस

नौपाडा, ठाणे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

एकाच घरात राहून पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. समोर बसलो की तुझी आई चहा आणते आणि विषय सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटवर जातो.

कंपनीच्या फॉर्मवर 'परदेशी जायची तयारी' याला तू 'हो' केलंस. आता त्यांनी जर्मनीत, म्युनिकला जाण्याचं खरंच विचारलं, तर परवा फोनवर मैत्रिणीला म्हणालीस, "आईबाबांना टाकून कशी जाऊ?" गॅलरीत झाडांना पाणी घालत होतो, कानावर आलं.

१९८८ साली मला मस्कतचं काम मिळत होतं. दोन वर्षांचा करार, राहणं-खाणं कंपनीचं. मी नको म्हटलं. सगळ्यांना सांगितलं, आईला कोण बघणार? अगं, घरात दोन भाऊ, दोन वहिन्या होत्या! खरं म्हणजे माझेच पाय लटपटत होते. आजी मात्र शेवटपर्यंत म्हणायची, "माझ्यापायी याचं राहिलं." तसं नव्हतं, हे मी तिला एकदाही सांगितलं नाही.

तेव्हा नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, पण स्वतःच्या नावावर.

जायचं असेल तर एचआरला आधी विचार, डेप्युटेशन, म्हणजे नोकरी इथलीच आणि काम तेवढं तिथे, की तिथल्या कंपनीशी नोकरीचा करार? डेप्युटेशन असेल तर पीएफ इथेच चालू राहतो. २०१७ पासून भारत आणि जर्मनीत तसा करार लागू आहे, पीएफ ऑफिसचा दाखला नेला की तिथे पेन्शनचे पैसे कापत नाहीत. तिथल्या नोकरीच्या करारावर ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांना नोकरीसाठी राहायचा परवाना, मिळालं तर नोकरी आणि पेन्शनचे हप्ते धरून २७ महिन्यांनी कायम राहण्याचा परवाना मागता येतो. जर्मन भाषा 'बी-वन' या मधल्या पातळीपर्यंत आली तर २१ महिन्यांनीच. म्हणजे क्लास आत्ताच लाव. आणि युरोचे रुपये करायच्या आधी कर आणि घरभाडं वजा कर. म्युनिकचं भाडं ऐकलंस तर घोडबंदर रोड स्वस्त वाटेल.

बँकेचं खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं इथलं खातं, करावं लागेल, तो फॉर्म मी आणून ठेवतो. नाही लागला तर रद्दीत.

पत्र डब्याच्या पिशवीत ठेवतोय. शुक्रवारी उत्तर कंपनीला दे, मला नाही दिलंस तरी चालेल.

तुझा,
बाबा