रात्री रडणारं बाळ उपाशीच असतं असं नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

माझी मुलगी गेल्या महिन्यात एक वर्षाची झाली. दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट स्तनपान सप्ताह असतो तेव्हा सगळ्या पेपरात आईचं दूध अमृत आहे असं छापून येतं, ते खरंच आहे आणि मला ते आधीपासून पटलेलंच होतं. माझी अडचण होती ती रात्री अडीच वाजताची. मुलगी तोंडात धरायची, सोडायची, परत रडायची, आणि घरातली माणसं दारात येऊन म्हणायची, हिला दूध पुरत नाहीये. हे एक वाक्य मी वर्षभर ऐकलं, आईकडून, सासूबाईंकडून, बारशाला आलेल्या बायकांकडून, मालिशवाल्या मावशींकडून. प्रत्येकीने मायेनेच म्हटलं, पण त्या वाक्याने मी जेवढी खचले तेवढी सीझरच्या टाक्यांनीसुद्धा नाही.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी नुसता चीक येत होता. एवढ्याशा पोटाला त्या दिवसांत तेवढा बहुतेक वेळा पुरतो हे मला आत्ता माहितीये, तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. नर्सने एका चिठ्ठीवर डब्याचं नाव लिहून दिलं आणि भाऊ खालच्या मेडिकलमधून तो घेऊन आला. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे की डब्याच्या दुधाची, बाटल्यांची जाहिरात करायची नाही, फुकट सॅम्पल वाटायचे नाहीत, दवाखान्यातून त्याचा प्रचार करायचा नाही. डब्याचं दूध वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, ज्या बाळाला लागतं त्याला डॉक्टरांनी द्यावंच, आणि ते देणाऱ्या आईला कुणी बोलूही नये. पण माझ्या बाबतीत बाळ अंगावर कसं धरायचं हे कुणी एकदाही बसून न बघता सरळ डबा आला आणि तिथून सगळं बिघडत गेलं, कारण बाळ वरचं जितकं पितं तितकं अंगावर कमी ओढतं, आणि ओढणंच कमी झालं की दूध पण कमी बनतं, मग लोक म्हणतात बघ आम्ही म्हणत नव्हतो का.

मी बाळंतपणाला पाटण तालुक्यात माहेरी होते म्हणून वाचले. सातव्या दिवशी आशाताई आल्या, वजनकाटा लावला, २ किलो ८०० ची मुलगी २ किलो ६०० भरली. मी रडायलाच लागले. त्या म्हणाल्या अगं पहिल्या आठवड्यात थोडं उतरतंच, ते सोड, मला पाजून दाखव. मी पाजलं आणि त्यांनी लगेच चूक पकडली, मुलगी फक्त बोंडशी तोंडात धरत होती म्हणून मला चिरा पडल्या होत्या आणि तिला दूध येत नव्हतं. त्यांनी माझ्या पाठीला उशी लावली, मुलीचं पोट माझ्या पोटाला टेकवलं, तिने मोठा आ करेपर्यंत मला थांबायला सांगितलं आणि मग खालचा काळा भाग जास्तीत जास्त तिच्या तोंडात जाईल असं धरायला लावलं. वीस मिनिटांचं काम. वर सांगून गेल्या की दिवसातून सहा वेळा तरी लंगोट नीट ओलं होतंय ना आणि वजन वाढतंय ना एवढं बघ, रडण्यावरून दूध मोजू नकोस. त्या चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी परत आल्या, शेवटच्या वेळी काटा ३ किलो ३०० वर गेला. डबा हळूहळू बंद झाला.

तरी रात्री जागणं चालूच होतं. तान्ह्या बाळाला दिवसरात्र कळतच नाही, ते जुळायला दोन-तीन महिने जातात, आणि २४ तासांत आठ-दहा-बारा वेळा पिणं हे नॉर्मल आहे, रात्रीच्या पाजण्यानेच तर दूध टिकतं. मधेच दोन-तीन दिवस असे येतात की संध्याकाळपासून सोडतच नाही, तेव्हा ते वाढीचं असतं. तिसऱ्या महिन्यात जरा बरं झोपायला लागली, मला वाटलं सुटले, आणि चौथा लागला तशी दर दीड तासाने उठायला लागली. घरात परत तेच, दूध पुरत नाहीये, आता पेज चालू करा, गुटी द्या, मध चाटवा. त्या वयात बाळाची झोपच बदलत असते, जरा झोप हलकी झाली की जागं होतं, त्याचा भुकेशी संबंध असेलच असं नाही. सहा महिन्यांच्या आत पाणीसुद्धा लागत नाही आणि मध तर वर्षाच्या आत धोक्याचा आहे, हे मला सासूबाईंना खूप वेळा सांगावं लागलं, पण त्यांनी ऐकलं, आणि सहा महिने पूर्ण होऊन उष्टावण झाल्यावर त्यांनीच नाचणीचं सत्त्व आणि तूप घालून घट्ट मऊ वरणभात इतक्या निगुतीने भरवला की मुलगी त्यांच्याच हातून खाते.

मला खरा आधार झाला तो नवऱ्याने पहाटे पाच ते आठ मुलीला बाहेरच्या खोलीत सांभाळायला घेतलं त्याचा. सलग तीन तास झोप मिळाली की माणूस माणसात येतं. त्याआधी एका रात्री मुलीला पाळण्यात ठेवून निघून जावं असं माझ्या मनात आलं होतं. हे मी पहिल्यांदा लिहितेय. ज्यांना असं होतंय त्यांनी १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लावावा, रात्री पण चालू असतो, पैसे लागत नाहीत.

नोकरीचं पण लिहिते. २६ आठवडे रजा मिळते खरी, पण पाच आठवडे आधीच घ्यावे लागले म्हणून मुलगी पाच महिन्यांची पण झाली नव्हती तेव्हा मी कामावर रुजू झाले. दूध काढायला जागा बाथरूमची. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी द्यायची असं कायद्यात आहे, हे ना मला माहीत होतं ना आमच्या साहेबांना, मी प्रिंट काढून दाखवली तेव्हा त्यांनी रेकॉर्डची खोली उघडून दिली.

माझी डॉक्टरांना विनंती आहे की डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी कुणीतरी त्या बाईजवळ बसून एक वेळचं पाजणं पूर्ण बघावं, आणि जवळ उभ्या असलेल्या आजीला पण सांगावं की ओले लंगोट मोजा. आणि तुम्हाला विनंती की येत्या ऑगस्टमध्ये एखाद्या आशाताईंना लिहायला सांगा, त्यांना लिहायला वेळ नसेल तर तुमच्या बातमीदाराने त्यांच्याबरोबर चार घरं फिरावीत.

आपली वाचक,
एक आई, कराड