आधी वेळापत्रक दुरुस्त करा, मग समुपदेशक पाठवा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

तालुक्याच्याही पलीकडे असलेल्या फार्मसी महाविद्यालयांतली मुलं थकून गेली आहेत, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मुलांच्या ताणाचा विषय निघाला की चर्चा लगेच मोबाइल, पालकांच्या अपेक्षा आणि 'आजकालच्या पिढीत सहनशक्ती राहिली नाही' इथवर पोहोचते. मला मात्र सुरुवात कॅलेंडरपासून करायची आहे.

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या, म्हणजे पीसीआयच्या, बी. फार्म. नियमावलीप्रमाणे विषम (पहिलं, तिसरं, पाचवं, सातवं) सत्र जून-जुलैत सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालायला हवं, आणि प्रत्येक सत्रात कामाचे किमान १०० दिवस भरायला हवेत. आठवड्याचे सहा दिवस धरले तरी हे जवळपास चार महिन्यांचं काम आहे. गेल्या काही वर्षांत प्रत्यक्षात काय होतं ते आपल्या खात्याला माहीत आहेच. महाविद्यालयांची मान्यता लांबते, मान्यता नाही म्हणून सीईटी कक्षाच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्या लांबतात, आणि अभियांत्रिकीची मुलं पहिली चाचणी देऊन मोकळी होतात तेव्हा आमची मुलं आपल्याला कोणतं गाव मिळणार याची वाट बघत घरी बसलेली असतात.

हा उशीर सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. शहरातली आणि जुनी नावाजलेली महाविद्यालयं पहिल्या-दुसऱ्या फेरीत भरतात. आडगावातल्या महाविद्यालयांत मुलं येतात ती शेवटच्या फेरीत, नाही तर संस्थास्तरावरच्या प्रवेशातून. म्हणजे घरापासून सर्वांत लांब, नवख्या जागी आणि बहुतेकदा कमी तयारीनिशी जे येतात, त्यांच्याच हातात सर्वांत कमी दिवस पडतात. विद्यापीठाची परीक्षा मात्र दोघांनाही एकाच दिवशी.

मग ते १०० दिवस 'भरून काढले' जातात. रविवारी लेक्चर, सुट्टीच्या दिवशी लेक्चर, सकाळी एक प्रॅक्टिकल आणि दुपारी दुसरं. पहिल्याच सत्रात शरीररचना, विश्लेषण, औषधनिर्मिती आणि असेंद्रिय रसायनशास्त्र असे चार मोठे विषय, प्रत्येकाचं चार तासांचं प्रॅक्टिकल. शिवाय बारावीला गणित घेऊन आलेल्याला जीवशास्त्राचा आणि जीवशास्त्र घेऊन आलेल्याला गणिताचा उजळणीचा पेपर. दोन सेशनल (सत्राच्या मधल्या अंतर्गत) परीक्षांमध्ये अभ्यासाला अंतर हवं, म्हणून तर त्या दोन ठेवल्या आहेत. इथे पहिलीचे गुण लागायच्या आत दुसरी येऊन उभी राहते. रात्री जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही. तत्त्व, कृती, निरीक्षण, सगळं हाताने उतरवायचं आणि सकाळी सहीला द्यायचं. मुलं जागतात, पण त्या जागण्यात अभ्यास फारसा नसतो, उतरवणंच जास्त असतं. (जर्नलची ही पद्धत कोणाच्या भल्यासाठी चालू आहे, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

हजेरीचं गणितही बघावं. प्रत्येक विषयात ८० टक्के हजेरी लागते. थिअरीची वेगळी, प्रॅक्टिकलची वेगळी. एका विषयाचं प्रॅक्टिकल साधारण आठवड्यातून एकदा येतं. आखडलेल्या सत्रात अशा १० पाळ्या झाल्या, तर तिसरी चुकली की हजेरी ७० टक्क्यांवर येते. शिवाय थिअरीच्या अंतर्गत २५ गुणांपैकी १० गुण सत्रभराच्या कामाचे असतात आणि त्यातले ४ थेट हजेरीचे. ते चारही हवे असतील तर हजेरी ९५ टक्के लागते. शहरातल्या मुलाला ताप आला तर तो एक दिवस घरी झोपून दुसऱ्या दिवशी हजर होतो. तीन एसट्या बदलून घर गाठणाऱ्या मुलीचे जाण्यायेण्यातच दोन दिवस मोडतात. म्हणून ती जात नाही. ताप असला तरी नाही, घरात कोणी आजारी असलं तरी नाही. आजी गेल्याचं कळल्यावरसुद्धा आधी प्रॅक्टिकलचं वेळापत्रक बघणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना भावना नाहीत असं कृपया कोणी म्हणू नये.

यानंतर येते ती खरी भीती. मुलांच्या भाषेत तिचं नाव 'वायडी', म्हणजे इयर डाउन. नियम असा आहे की पहिल्या दोन सत्रांचे सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्या सत्राला बसता येत नाही. नियमामागचा विचार मला पटतो. पाया कच्चा ठेवून औषधशास्त्राच्या पुढच्या पायऱ्या चढू देणं रुग्णांच्या दृष्टीने धोक्याचं आहे. पण ज्या पहिल्या सत्रात शिकवायला पुरेसे दिवसच दिले नाहीत, त्याच सत्राचा एखादा विषय दोन वर्षांनी त्या मुलाचं अख्खं वर्ष खातो. फेरपरीक्षेचा निकाल वेळेत लागला नाही की पाचवं सत्र सुरू होऊन जातं आणि मूल ना आत ना बाहेर असं लटकत राहतं.

त्या वर्षात नेमकं काय होतं हे कोणी बघत नाही. वसतिगृहाची खोली सुटते. बॅचचा ग्रुप पुढे निघून जातो. मूल घरी परततं, आणि 'कॉलेजला का जात नाहीस' हा प्रश्न गल्लीतल्या प्रत्येकाकडून ऐकतं. एका विषयाच्या परीक्षेची वाट बघत काढलेलं हे वर्ष माझ्या मते सर्वांत धोक्याचं असतं. नेमकं त्याच वर्षात त्याची रोजची हजेरी घेणारं, चेहरा बघणारं कोणीही नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'बर्नआउट'ची तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपल्याची भावना, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटनेने हा शब्द नोकरीपुरताच ठेवला आहे, त्यामुळे विद्यार्थी त्या व्याख्येत बसत नाही. पण संशोधक २००२ पासून विद्यार्थ्यांसाठी वेगळी प्रश्नावली वापरत आले आहेत आणि तिथेही हेच तीन धागे आहेत. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात उभं राहिलं की प्रश्नावलीची गरज पडत नाही. पहिल्या वर्षी 'हे औषध यकृतात गेल्यावर काय होतं?' असं विचारणारा मुलगा तिसऱ्या वर्षी म्हणतो, 'मॅडम, सही मिळेल ना, एवढंच सांगा.' आम्ही शिक्षक याला आळस म्हणतो. तो आळस नसतो.

आता समुपदेशनाबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरातल्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक निर्देश दिले. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. बी. फार्म.चं महाविद्यालय दोन वर्षांत १०० चा आकडा ओलांडतं, तेव्हा हे आम्हाला लागू आहे. पण दूरच्या महाविद्यालयात याची पूर्तता कशी होते? एका प्राध्यापकाच्या नावापुढे 'समुपदेशन कक्षप्रमुख' लागतं, कुठल्याशा खोलीवर पाटी लागते, फोटो निघतो, फाइल तयार होते.

इथे मला एक बारकावा मुद्दाम सांगायचा आहे, कारण बाहेरून तो दिसत नाही. मघाशी सांगितलेल्या १० गुणांपैकी ३ गुण 'विद्यार्थी-शिक्षक संवादा'चे असतात. म्हणजे माझ्याशी विद्यार्थी किती आणि कसं बोलतो यावर मी त्याला गुण देते. प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षाही बऱ्याचदा माझ्यासमोरच होते. अशा माझ्यासमोर बसून एखादी मुलगी 'मला जगावंसं वाटत नाही' असं कशी म्हणेल? मी कितीही मायाळू असले तरी ती आधी माझ्या हातातलं पेन बघणार. म्हणून शिक्षकालाच समुपदेशक करणं ही सोय कागदावरच राहते. समुपदेशक महाविद्यालयाच्या पगारपटावरचा नको, प्राचार्यांना अहवाल देणारा तर नकोच. एका तालुक्यातल्या फार्मसी, नर्सिंग, पॉलिटेक्निक अशा चार-पाच संस्था मिळून एक माणूस शासनाने नेमावा. तो प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून एक ठरलेला दिवस बसेल, आणि वर्ष गेलेल्या मुलांना घरी फोन करणं हेही त्याच्या कामात असेल.

'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि ती मोलाची आहे. मी वर्गात तो नंबर सांगते. पण चार जणींच्या खोलीत, भिंतीपलीकडे रेक्टर, आणि रेंज फक्त गच्चीवर. अशा वेळी रात्री अकराला कोण कुठे उभं राहून रडत बोलणार? वसतिगृहात दार लावता येईल अशी एक खोली आणि त्यात एक फोन, एवढं जरी सक्तीचं केलंत तरी त्या नंबरचा उपयोग वाढेल.

पैशांबद्दल थोडक्यात. शिष्यवृत्ती, मुलींची शुल्कमाफी, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, या योजना चांगल्या आहेत. पण रक्कम उशिरा येते आणि तोवर संस्था परीक्षेचा अर्ज किंवा दाखला अडवून धरते. शासन आणि संस्था यांच्यातल्या हिशेबाचा तगादा मुलाला लागू नये, एवढं एक परिपत्रक पुरेसं आहे.

आडगावातलं महाविद्यालय वाईटच असतं असं माझं म्हणणं नाही. ते जवळ आहे म्हणून शिकू शकलेल्या कितीतरी मुली मला माहीत आहेत. लहान संस्थेत शिक्षकाला मुलांची नावं पाठ असतात, हे शहरात क्वचित घडतं. पण नव्या महाविद्यालयांवर पीसीआयने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द ठरवल्यानंतर जी भर पडली, तिच्याबरोबर शिक्षक, ग्रंथालय आणि रुग्णालय यांची भर त्या प्रमाणात पडलेली आम्हाला दिसत नाही. सातव्या सत्रात 'प्रॅक्टिस स्कूल', म्हणजे निवडलेल्या विषयातलं प्रत्यक्ष काम, असतं. डी. फार्म. या पदविकेला ५०० तासांचं प्रशिक्षण असतं, त्यातले २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरून औषध देण्याचे. जिथे मोठं रुग्णालय कित्येक किलोमीटर लांब आहे, तिथे हे तास सही-शिक्क्यावर भागवले जातात हे या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. वर सांगितलेलं तिसरं लक्षण, आपल्या हातून काही होत नाही ही भावना, इथे मुरते. चार वर्षं औषधांचा अभ्यास केलेल्या मुलाने औषध घेणारा माणूस धड पाहिलेलाच नसतो.

या पत्राला मिळू शकणारं उत्तर मला अंदाजाने माहीत आहे. पीसीआय केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे, परीक्षा स्वायत्त विद्यापीठाकडे, बऱ्याच शिष्यवृत्त्या दुसऱ्या खात्यांकडे, आणि शिक्षकभरती संस्थाचालकांकडे. हे सगळं खरं आहे. मात्र सीईटी कक्ष आणि तंत्रशिक्षण संचालनालय आपल्याकडे आहेत, आणि विद्यापीठांच्या कुलगुरूंना आपण एका बैठकीत बोलावू शकता. मान्यतेची तारीख आपल्या हातात नसेल, पण मान्यता लांबली तर परीक्षा कधी घ्यायची हे राज्यातच ठरतं.

म्हणून मागणी नेमकी करते. पुढच्या वर्षीचं फार्मसी प्रवेशाचं वेळापत्रक जाहीर होईल, तेव्हा शेवटच्या फेरीच्या तारखेपासून कामाचे १०० दिवस मोजून पहिल्या सत्राच्या परीक्षेची तारीख त्याच परिपत्रकात द्यावी. फेऱ्या जितक्या दिवसांनी लांबतील तितक्याच दिवसांनी परीक्षा आपोआप पुढे जाईल, आणि रविवारची लेक्चरं त्या १०० दिवसांत मोजली जाणार नाहीत, असं त्यात स्पष्ट लिहावं. पहिल्या दोन सत्रांच्या फेरपरीक्षेचा निकाल पाचवं सत्र सुरू होण्याआधी लावण्याचं बंधन विद्यापीठांवर घालावं. निकाल विद्यापीठामुळे रखडला असेल तर त्या मुलाला तात्पुरतं वर्गात बसू द्यावं. आणि संचालनालयाची तपासणी समिती आमच्याकडे येईल, तेव्हा समुपदेशन कक्षाची फाइल प्राचार्यांकडे मागण्याऐवजी वसतिगृहातल्या कोणत्याही चार मुलींना, शिक्षकांना बाहेर थांबवून, एवढंच विचारावं: तो माणूस शेवटचा कधी आला होता?

आपली नम्र,
बी. फार्म.च्या विद्यार्थ्यांना शिकवणारी एक प्राध्यापिका