हॉलमध्ये खडूने बाथरूम आखणाऱ्या बी विंगच्या काकांना

काका,

तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "टाकी भरली का बघ आधी" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आता बदला विषय. शिवाय आपल्या डोंबिवलीतल्या जुन्या बिल्डिंगांमध्ये बऱ्याच घरांचा प्लॅन हाच, ३ बाय ४ चा संडास, त्याला लागून ४ बाय ४ ची न्हाणी आणि मध्ये साडेचार इंची भिंत, त्यामुळे अजून कुणाच्या कामाला आलं तर बरंच.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी कळलं की वॉकर संडासाच्या दारातून जातच नाही. दार २ फुटी, चौकट वजा जाता २१ इंच. वॉकर बाहेर ठेवून, मला धरून, आडवं होऊन आत जायचं, ते पण भारतीय संडासावर प्लास्टिकची खुर्ची ठेवून. चार दिवस असं काढलं आणि मग ठरवलं की मधली भिंत पाडून दोन्ही एकच करायचं.

पहिला कॉन्ट्रॅक्टर आला त्याने मोबाइलवर थ्रीडी दाखवलं, काचेचं पार्टिशन, काउंटरचं बेसिन, कमोड पार न्हाणीच्या टोकाला. मला जाम आवडलं होतं हो, ॲडव्हान्स द्यायलाच निघालो होतो. जिन्यात तुम्ही भेटलात, स्क्रीन लांब धरून बघितली आणि एवढंच विचारलंत, "सॉइल पाइप कुठल्या बाजूला आहे?" मला कुठे माहीत! मग डक्टच्या खिडकीतून दाखवलंत, जाडी ४ इंची लाइन संडासाची, दुसरी अंघोळीच्या पाण्याची, जुन्या बिल्डिंगमध्ये दोन्ही वेगळ्या. कमोड पलीकडे न्यायचा तर ती जाडी लाइन ढाळ देत देत तिथवर न्यावी लागणार, म्हणजे बाथरूमची जमीनच वर उचलावी लागणार. कॉन्ट्रॅक्टरला विचारलं तर तो म्हणाला, "पाच इंच फक्त, एक पायरी येईल, त्यात काय." जिच्यासाठी करतोय तिलाच पायरी!

मग तो रविवार. तुम्ही आमच्या हॉलमधला सोफा सरकवायला लावलात, खडू घेतलात आणि टीव्हीसमोर सगळं बाथरूम खऱ्या मापाने आखलंत, आणि ४ फुटाला ४ फूट नाही धरले. दोन्ही भिंतींना टाइल आणि खालचा माल मिळून दोनेक इंच जातात म्हणून ३ फूट १० इंच. मी म्हटलं दोन इंचाने काय होतंय, तर तुम्ही खुर्चीचा कमोड करून आईला वॉकरसकट त्यात चालवलंत. जुन्यासारखी पाठ खिडकीकडे ठेवली तर कमोडसमोर वीत-दोन वीत जागा उरते, वॉकर वळेच ना. तेव्हा तुम्ही खुर्ची फिरवलीत, पाठ आखूड भिंतीला, तोंड न्हाणीकडे. जागा तीच, पाइप तोच, आणि समोर एकदम पाच फूट मोकळे. एवढं साधं होतं आणि मी महिनाभर टाइल्सचे रंग बघत बसलो होतो.

बेसिन आतच पाहिजे म्हणून मी हट्ट धरला तर तुम्ही वाद न घालता एक खोका तिथे धरून उभे राहिलात आणि आईचं कोपर बरोबर त्यावर आपटलं. बेसिन पॅसेजमध्ये होतं तिथेच राहिलं. दोन्ही जुनी दारं बुजवून मधोमध एक अडीच फुटी, आणि ते बाहेर उघडणारं, कारण आत माणूस पडला आणि दार आत उघडणारं असलं तर ढकलायचं कुणाला, हे तुम्ही आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलंत ते लक्षात आहे माझ्या. आणि धरून उठायची दांडी कुठे लावायची तर तिला म्हणालात, "वहिनी, एकदा उठा बरं", तिचा हात आपोआप जिथे गेला तिथे भिंतीवर खूण केलीत.

तुमची चिठ्ठी अजून पाकिटात आहे, "एस ट्रॅप. ९ इंच. टाइल लागल्यावर भिंतीपासून." म्हणजे कमोडचा पाइप भिंतीपासून किती अंतरावर, ते. दुकानवाला पी ट्रॅपचा कमोड गळ्यात मारत होता, त्याचा पाइप मागे भिंतीत जातो, आपल्या एस ट्रॅपचा खाली जमिनीत, चिठ्ठी नसती तर उचलून आणला असता. मोठ्या चकचकीत लाद्यांचा नाद पण तुम्हीच सोडवलात, फुटाला पाव इंच ढाळ नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, काढायचा तर १ बाय १ च्या मॅट लाद्याच बऱ्या पडतात. गिझर दारावर, स्विच बाहेर. झालं.

सगळ्यात कंटाळा आला होता तो वॉटरप्रूफिंगनंतर, खोटं कशाला बोलू. ट्रॅपमध्ये बोळा कोंबून पाणी भरलंत, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारलीत आणि दोन दिवस कुणी हात लावायचा नाही. अख्खं घर अंघोळीला तुमच्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी रेघेच्या किंचित खाली दिसलं तर माझ्या पोटात गोळा, पण तुम्ही थेट खालच्या काकूंकडे जाऊन स्टुलावर चढून त्यांच्या छताला तळहात लावून आलात. कोरडं. "थोडं उडतं रे पाणी" म्हणालात आणि तरी अजून एक दिवस थांबवलंत! पण खालच्यांशी भांडण नाही झालं, आपल्या बिल्डिंगमध्ये ही काय छोटी गोष्ट आहे का.

आईचं म्हणाल तर "संडासाला लागून अंघोळ, शी" हे अजून रोज एकदा होतंच, तुम्ही सुचवलेला पडदा लावलाय तो ती आधी ओढून घेते आणि मगच तांब्या उचलते. पण जाते एकटी, वॉकर घेऊन, मला हाक न मारता.

पैसे तुम्ही घेणार नाही हे कळलंय. तुमची पाच मीटरची टेप मात्र आमच्या गिझरवर राहिलीये, ती शनिवारी आणून देतो, काकूंना सांगा चहा टाकायला.