पंचानं मॅच खाल्ली?

महोदय,

ग्रँड स्लॅम सुरू झाली की धरमपेठेतल्या चहाच्या टपरीवर एक निकाल हमखास लागतो : ‘पंचानं मॅच खाल्ली भाऊ!’ खेळाडू उद्धट की सज्जन यावर प्रत्येकाचे मत असणारच. पण शिक्षा कशाबद्दल झाली आणि तेव्हा स्कोअर काय होता, हे न बघताच बहुतेक वाद झडतात. क्रीडा पानावरचे मथळेही त्याला हातभार लावतात.

टेनिसमध्ये शिक्षेच्या दोन स्वतंत्र शिड्या आहेत. रॅकेट आपटणे, शिवीगाळ, रागाने चेंडू भिरकावणे ही वर्तनाची शिडी. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा एक पॉइंट, तिसऱ्यांदा अख्खा गेम, आणि त्यापुढे हकालपट्टीही होऊ शकते. दुसरी वेळेची. दोन पॉइंटमध्ये २५ सेकंद मिळतात. ती ओलांडली तर आधी ताकीद, नंतर सर्व्हिस करणाऱ्याची पहिली सर्व्हिस जाते आणि समोरच्याने उशीर केला असेल तर त्याचा थेट पॉइंट जातो. एका शिडीवरची ताकीद दुसरीवर धरत नाहीत, हे टीव्हीवरून पटकन कळत नाही. १९९०च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये वर्तनाच्या शिडीची एक पायरी कमी झाली होती. अमेरिकेच्या जॉन मॅकेन्रोला त्याचा पत्ताच नव्हता. अजून एक संधी आहे या समजुतीत पंचांशी भांडला आणि पेर्नफोर्सविरुद्धच्या सामन्यातून बाहेर गेला. खुद्द खेळाडूची ही गत, तर टपरीला काय बोल लावायचा?

२०१८च्या यूएस ओपन फायनलचेच घ्या. सेरेनाला पहिली ताकीद स्टँडमधल्या प्रशिक्षकाच्या इशाऱ्यांबद्दल मिळाली, आणि इशारे केल्याचे त्याने नंतर कबूलही केले. रॅकेट तोडल्यावर पॉइंट गेला, पंच कार्लोस रामोसला ‘चोर’ म्हटल्यावर गेम गेला. ‘त्या गेमने फायनल घालवली’ असे आजही ऐकू येते. पण तेव्हा प्रतिस्पर्धी ओसाका पहिला सेट ६-२ असा जिंकून दुसऱ्यात ४-३ अशी, सेरेनाची सर्व्हिस भेदून पुढे होती. शिक्षेने ४-३चे ५-३ झाले, सेट ६-४ला संपला. सामना चालू असताना प्रशिक्षकाने सूचना न देण्याचा तो नियम मुळात निरुपयोगी होता, हे माझेही मत. आता स्टँडमधून सूचना देता येतात. मात्र त्या संध्याकाळी नियम लागू होता, आणि रामोसने तो लावला.

जोकोविच २०२०चा दाखला याच्या उलट. पहिल्या सेटमध्ये कारेन्यो बुस्ताविरुद्ध ५-६ असा मागे पडल्यावर त्याने मागे न बघता चेंडू टोलवला आणि तो महिला रेषापंचाच्या गळ्यावर बसला. इथे शिडी नाही, थेट हकालपट्टी. ‘त्याने नेम थोडाच धरला होता?’ हा चाहत्यांचा बचाव गैरलागू आहे, कारण बेफिकीरपणे चेंडू मारणे एवढेच पुरे होते. खटकते ते निराळेच : तोच फटका रिकाम्या जागी गेला असता तर ताकिदीवर भागले असते. शिक्षा कृतीपेक्षा नशिबावर ठरते.

२०२५च्या यूएस ओपनमध्ये मेदवेदेवविरुद्ध बाँझी मॅच पॉइंटवर, म्हणजे विजयापासून एकच पॉइंट दूर होता. त्याची पहिली सर्व्हिस चुकली, तेवढ्यात एक छायाचित्रकार कोर्टवर आला. पंचाने पहिली सर्व्हिस पुन्हा दिली. दोन सर्व्हिसच्या मध्ये बाहेरचा व्यत्यय आला की तसे करता येते. पण मेदवेदेवने प्रेक्षकांना चिथावले, खेळ सहा मिनिटे थांबला, बाँझीने तो सेट गमावला, पुढचा ०-६ आणि पाचव्यात कसाबसा जिंकून सुटला. मेदवेदेवला ४२,५०० डॉलरचा दंड झाला तो नंतर. बाँझीची लय गेली ती त्याच वेळी. इथे पंचाची चूक असलीच तर ती गर्दीपुढे हात बांधून बसण्याची.

चेंडू नेटला लागून पलीकडे पडला आणि पॉइंट मिळाला, तर हात वर करून माफी मागणे हा मात्र निव्वळ रिवाज आहे. त्याच स्पर्धेत टाउनसेंडने तशी माफी मागितली नाही म्हणून ओस्टापेन्को तिच्यावर ज्या भाषेत घसरली, त्याचे समर्थन कुठल्याच नियमात सापडणार नाही.

आपल्या पानावर निकालाखाली एक ओळ वाढवता आली तर बरे : शिक्षा कशाबद्दल, कितवी, आणि तेव्हाचा स्कोअर.

नियमांचा हाच गोंधळ रामनगरच्या कोर्टवर मुलांच्या सामन्यांत, कुंपणाबाहेरच्या पालकांत दिसतो. चेअर अंपायर (खुर्चीवरचा पंच) नसेल तर आपल्या बाजूचा ‘आउट’ खेळाडूनेच द्यायचा असतो. शंका असेल तर चेंडू आत. ‘दिसला नाही, परत खेळू’ असे चालत नाही. चुकून ‘आउट’ ओरडून लगेच दुरुस्त केले, तर पहिल्यांदा पॉइंट परत खेळतात (समोरच्याचा तो विजयी फटका नसेल तर), दुसऱ्यांदा मात्र ओरडणाऱ्याचा पॉइंट जातो. आणि चेंडूचा ठसा बघायचा तो मातीच्या कोर्टवर, हार्ड कोर्टवर बोट दाखवून काही उपयोग नाही.

– एक टेनिसप्रेमी वाचक, नागपूर