बांधाचा राग आणि बिगरतिकीट प्रवासी

ति. बाबा आणि ति. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बांधाचा विषय निघाला की बाबा फोन आईकडे देतात आणि आई म्हणते, "तव्यावर भाकरी आहे गं." म्हणून लिहायला बसले. आज साप्ताहिक सुट्टी आहे, पोरं शाळेत गेलीत. दोघं मिळून वाचा. चष्मा सापडला नाही ही सबब चालणार नाही, तो देव्हाऱ्याच्या फळीवर असतो.

गेल्या महिन्यात दोन दिवस आले होते, तेव्हा पहिल्या दिवशी पहाटे पाचला जाग आली ती बाबांच्या आवाजाने. चुलीपुढे बसून तुम्ही आईला सांगत होता की वरच्यांनी, म्हणजे वरच्या वावरातल्या चुलत्यांनी, यंदाही नांगरताना बांध कोरला, वीतभर आत आले, आणि वर तोंड करून म्हणाले, "मोजून घ्या." दुसऱ्या दिवशीही पाचला हेच, शब्दाला शब्द तोच. आई हूं हूं करत होती. चहा झाल्यावर दादाने आणलेल्या मशीनवर तुम्ही बीपी बघितलं, 168 आलं, आणि राग मशीनवर निघाला.

बाबा, बांध आपलाच आहे. तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. वीतभर म्हणत म्हणत दहा वर्षांत किती आत येतात हे मलाही कळतं. मोजणीचे पैसे भरलेत ते बरोबर केलंत. मला बोलायचंय ते पाचच्या चहाबद्दल.

माझ्याच कंडक्टरच्या नोकरीतलं सांगते. गेल्या उन्हाळ्यात स्वारगेट-सातारा साध्या गाडीवर होते. गाडी तुडुंब. शिरवळच्या एकाने पाचशेची नोट दिली. सुट्टे नव्हते, म्हणून तिकिटामागे बाकी लिहून दिली. तर सगळ्या गाडीसमोर म्हणाला, "तुम्हा लोकांचा हा धंदाच आहे." त्याचे पैसे शिरवळला मोजून हातात दिले, तो उतरून गेला. पण माझं डोकं काही शांत होईना. खंबाटकीचा घाट चढेपर्यंत मी त्याला मनात काय काय सुनावलं! तेव्हा सुचली नव्हती ती उत्तरं घाटात सुचली. भुईंजला एका म्हातारीवर उगाच ओरडले. साताऱ्यात उतरून कॅश भरायला गेले तर 340 रुपये कमी. कुणाला जास्त परत दिले, आजवर कळलं नाही. खिशातून भरले.

आमचे ड्रायव्हर वयाने मोठे आहेत, फार बोलत नाहीत. चहा पिताना एवढंच म्हणाले, "ताई, तो शिरवळला उतरला. तुम्ही त्याला साताऱ्यापर्यंत बिगरतिकीट आणलात."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. भांडण झालं की गाडी सुटताना डबल बेल देते आणि मनात म्हणते, उतरला. दहातल्या चार वेळा खरंच उतरतो. उरलेल्या वेळी पुढच्या थांब्यापर्यंत तिकिटं फाडण्यात लक्ष घालते, श्वास हळू सोडते, पाणी पिते. राग गिळायचा नसतो हेही शिकले. गिळला की तो घरी पोरांवर निघतो. ड्रायव्हरना सांगून टाकते, "मला आता लई राग आलाय." ते मान हलवतात. तेवढ्यानेही हलकं वाटतं.

पेपरात एक वाचलं ते तुमच्यासाठी लक्षात ठेवलं. 2024 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 280 निरोगी माणसं घेतली, बहुतेक तरणीच. त्यातल्या काहींना राग आलेला एखादा जुना प्रसंग 8 मिनिटं नुसता आठवायला लावला. कुणी समोर येऊन भांडलं नाही की काही नाही. तरी त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैल होण्याची ताकद पुढे 40 मिनिटांपर्यंत मंदावलेली दिसली. बाबा, तुमचा चहा 8 मिनिटांत उरकत नाही. तुम्ही 71 वर्षांचे आहात, बीपीची गोळी चालू आहे. वरचे त्या वेळी झोपलेले असतात.

आणि सकाळचे ते दोन तासच तुमच्या अंगात जोर असतो, हे तुम्हीच सांगता. नऊनंतर गुडघे बोलायला लागतात. या वर्षी आल्याच्या पिकाला मातीची भर लावायची राहिली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "अंगात त्राण नाही." पण त्याच सकाळी तुम्ही बांधावर उभे राहून तासभर वरच्यांच्या वावराकडे बघत होता. आईने मला सांगितलं. तिच्यावर चिडू नका.

आई, आता तुझं. तू बोलत नाहीस, भांडी आपटतेस आणि रात्री जेवत नाहीस. विचारलं की म्हणतेस, "मला काय होतंय." मग दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतेस. बाबांचं ऐकून घेण्यात तुझाही जीव शिणतो. उद्यापासून पाचला ते सुरू झाले की सरळ म्हण, "हे संध्याकाळी सांगा." बाबा, संध्याकाळी हरिपाठाला देवळात जाण्याआधी अर्धा तास बांधाचा. तेव्हा काय बोलायचं ते बोला, शिव्याही द्या. नंतर टाळ घेऊन म्हणायला लागलात की दम आपोआप लांबतो, तुम्ही लहानपणी मला मांडीवर घेऊन बसायचात तेव्हापासून बघतेय. सकाळी आठवलंच तर वहीत एक ओळ लिहून ठेवा, संध्याकाळसाठी.

हे लिहिताना मला कळतंय की लेकीने शिकवलेलं तुम्हाला रुचणार नाही. पण हा राग मला तुमच्याकडूनच आलाय, नाकासकट. म्हणून बोलते.

मोजणीची तारीख आली की कळवा. त्या दिवसाची रजा टाकते. भूमी अभिलेखचे लोक खुणा दाखवतील तेव्हा तुम्ही आंब्याखाली खुर्ची टाकून बसा. वरच्यांशी बोलायची वेळ आली तर मी बोलेन. रोज साठ-सत्तर माणसांशी सुट्ट्या पैशांवरून बोलते, चुलत्यांचं काय एवढं.

आई, मी येईन तेव्हा आल्याच्या वड्या करून ठेव, डेपोत वाटायच्या आहेत.

तुमची,
थोरली

ता. क. बाबा, बीपी बघताना आधी 5 मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. पट्टा उघड्या दंडावर, सदऱ्याच्या बाहीवरून नाही. तरीही आकडा जास्तच येत राहिला तर मशीनला शिव्या देऊ नका, वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.