इको रिपोर्टवरच्या तुझ्या लाल रेघा

प्रिय सुहास,

तुझ्या इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टचा फोटो मिळाला. त्यावर तू मारलेल्या लाल रेघाही पाहिल्या. ‘क्लॉट’खाली रेघ, ‘व्हेजिटेशन’खाली रेघ, ‘इफ्यूजन’खाली तर दोन. अरे बाबा, त्या प्रत्येक शब्दाच्या आधी ‘नो’ लिहिलंय! रक्ताची गुठळी नाही, झडपेवर जंतुसंसर्गाचा थर नाही, हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी नाही, एवढाच त्या ओळींचा अर्थ. जवळजवळ प्रत्येक इको रिपोर्टात त्या असतात. शोधलं आणि सापडलं नाही, ही नोंदही कागदावर लागते म्हणून.

मी डॉक्टर नाही, तेव्हा गोळ्यांचं मला विचारू नकोस. पण इकोच्या खोलीत बसून डॉक्टर सांगतात ते दिवसभर टाइप करणं हेच माझं काम. त्यामुळे कुठला शब्द किती वजनाचा आहे एवढं मला नक्की कळतं. तुझी झोप ज्यांनी उडवली ते शब्द हलके आहेत आणि ज्याकडे बघायला हवं त्यावर तू रेघच मारलेली नाहीस. त्याकडे येतोच.

आधी ‘एलव्हीईएफ ६०%’. ‘साठच टक्के? म्हणजे चाळीस टक्के हृदय गेलं?’ असं विचारलंयस. हे परीक्षेचे मार्क नव्हेत. डावा खालचा कप्पा, म्हणजे लेफ्ट व्हेंट्रिकल, पूर्ण भरतो तेव्हा त्यात साधारण १२० मिली रक्त असतं. एका ठोक्याला त्यातलं सुमारे ७० मिली बाहेर पडतं, उरलेलं आतच राहतं आणि ते राहायलाच हवं. ७० भागिले १२० म्हणजे ५८ टक्के. हाच तो इजेक्शन फ्रॅक्शन. निरोगी माणसाचा साधारण ५५ ते ७० च्या दरम्यान असतो, शंभर कुणाचाच नसतो. तुझा साठ म्हणजे उत्तम. ठोक्याला ७० मिली आणि मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोके धरले तर मिनिटाला पाच लिटर होतात. अंगातलं जवळपास सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून येतं, आणि तुझंही येतंय.

‘नो आरडब्ल्यूएमए’ ही तुझ्या रिपोर्टातली सगळ्यात चांगली ओळ, आणि तिच्यापुढे तू प्रश्नचिन्ह काढलंस. रिजनल वॉल मोशन ॲबनॉर्मॅलिटी, म्हणजे हृदयाच्या भिंतीचा एखादाच भाग बाकीच्यांपेक्षा कमी हलणं. त्या भागाचं रक्त तुटलं असेल किंवा पूर्वी अटॅक येऊन तिथला स्नायू मेला असेल तर हे दिसतं. तुझ्या सगळ्या भिंती सारख्या हलतायत. अर्थात रक्तवाहिन्या आतून स्वच्छ आहेत की नाहीत ते इकोत दिसत नाही, त्यासाठी वेगळ्या तपासण्या असतात.

आता ‘ट्रिव्हिअल एमआर, माइल्ड टीआर’. झडपेचं दुखणं दोनच प्रकारचं: दार नीट उघडत नाही ते स्टेनोसिस, दार नीट लागत नाही ते रिगर्जिटेशन. एमआर म्हणजे मायट्रल झडपेची (डावीकडच्या दोन कप्प्यांमधली) गळती, टीआर म्हणजे ट्रायकस्पिडची (उजवीकडच्या दोन कप्प्यांमधली). पुढचं विशेषण महत्त्वाचं. ट्रिव्हिअल, माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर अशी ती चढण आहे आणि तू पायथ्याशी आहेस. ट्रिव्हिअल गळती ठणठणीत माणसांतही सर्रास दिसते. गंमत म्हणजे ट्रायकस्पिडची ती बारीक गळती आमच्या खोलीत हवीहवीशी वाटते. उलट येणाऱ्या रक्ताचा वेग मोजून फुप्फुसाच्या धमनीतला दाब काढतात, गळतीच नसेल तर मोजायचं काय? मायट्रल हे नाव दोन टोकं वर आलेल्या बिशपच्या टोपीवरून पडलंय, कारण झडपेला दोन पाळ्या असतात. बाकी तीन झडपांना तीन-तीन.

‘चित्रात डावा कप्पा उजवीकडे दाखवलाय, रिपोर्ट माझाच आहे ना?’ हा प्रश्न वाचून हसू आलं. तुझाच आहे. डावं-उजवं नेहमी पेशंटचं, बघणाऱ्याचं नाही. तू समोर उभा असलास तर तुझा डावा हात मला उजवीकडेच दिसणार. शिरा-धमन्यांचंही असंच. तू शाळेत पाठ केलं असशील की धमनीत शुद्ध रक्त आणि शिरेत अशुद्ध. फुप्फुसाच्या धमनीत मात्र काळपट, ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं आणि फुप्फुसाच्या शिरांतून लालभडक रक्त परत येतं. हृदयाकडून जाते ती धमनी, हृदयाकडे येते ती शीर, आत काय आहे ते विचारायचं नाही. विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरने १६२८ साली रक्ताभिसरणाचं पुस्तक छापलं तेव्हा त्यालाही धमन्यांतून शिरांत रक्त नेमकं कसं जातं ते दिसलं नव्हतं. त्या दोघींना जोडणाऱ्या केसासारख्या बारीक नळ्या, म्हणजे केशवाहिन्या, मालपिघी या इटालियन डॉक्टरने सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या, १६६१ मध्ये.

ईसीजीवरच्या ‘नॉर्मल सायनस रिदम’चा तुझ्या नाकाशी काहीही संबंध नाही. उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा छोटासा भाग आहे, ठोक्याचा पहिला विजेचा इशारा तिथून निघतो. तो तिथूनच निघतोय, एवढंच त्या ओळीत म्हटलंय.

आता ‘कॉन्सेंट्रिक एलव्हीएच’ (डाव्या खालच्या कप्प्याची भिंत सगळीकडून जाड होणं) आणि ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’. ‘डिसफंक्शन’ वाचून तू थेट हार्ट फेल्युअरवर पोचलास. डायस्टोल म्हणजे ठोक्यानंतर हृदय सैल पडून भरतं तो काळ. भिंत जाड झाली की ती सावकाश सैल होते. इकोत रक्त आत येतानाच्या दोन लाटा दिसतात: पहिली ‘ई’, कप्पा आपणहून सैल पडल्यावर येणारी, दुसरी ‘ए’, वरच्या कप्प्याने शेवटी दिलेल्या रेट्याची. तरुणपणी ‘ई’ मोठी असते. तुझी ‘ए’ मोठी आहे. पहिला हप्ता कमी आला तो दुसऱ्याने भरून काढला, म्हणून ग्रेड वन. वय वाढलं की हे बऱ्याच जणांत दिसतं. फेल्युअर हे निदान त्या एका ओळीवरून होत नाही. इजेक्शन फ्रॅक्शन चांगला असूनही फेल्युअर असू शकतं हे खरं, म्हणूनच डॉक्टर चालताना धाप, आडवं झाल्यावर धाप, पायांची सूज हे सगळं विचारतात. तुला यातलं काही नाही असं तूच लिहिलंयस.

पण भिंत जाड का झाली? वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘बीपी १५०/९४’ लिहिलंय बघ. त्याखाली तुझी रेघ नाही! जास्त दाबाविरुद्ध वर्षानुवर्षं रक्त ढकलत राहिलं की डाव्या कप्प्याचा स्नायू जाडावतो, तुझी भिंत १२ मिलिमीटर भरलीय. तुझ्या रिपोर्टातली सगळी कथा त्या आकड्यातून निघाल्यासारखी दिसते. १५० म्हणजे पाऱ्याचा १५० मिलिमीटर उंच स्तंभ. पाऱ्याऐवजी पाणी वापरलं असतं तर नळी दोन मीटरांच्या वर न्यावी लागली असती. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने अठराव्या शतकात घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडली तेव्हा रक्त आठ फुटांच्या वर चढलं होतं. दंडाला पट्टा बांधायची युक्ती इटालियन डॉक्टर रिवा-रोचीची, १८९६ ची, आणि पट्टा सैल करताना धमनीतला आवाज ऐकायची रशियन डॉक्टर कोरोत्कोफची, १९०५ ची. आवाज सुरू होतो तो वरचा आकडा, बंद होतो तो खालचा. एकदाच, तेही तपासणीच्या धास्तीत घेतलेल्या आकड्यावरून काही ठरत नाही, म्हणून घरी मोजून लिहून ठेव. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या पातळीला ठेवून.

आणखी एक. अटॅक, अरेस्ट आणि फेल्युअर हे तिन्ही शब्द तू एकाच वाक्यात वापरलेस. अटॅक म्हणजे हृदयाच्याच स्नायूला रक्त नेणारी वाहिनी तुंबणं, माणूस तेव्हा बहुतेक वेळा शुद्धीवर असतो आणि दुखतंय म्हणून सांगतो. अरेस्ट म्हणजे हृदयाने रक्त ढकलणंच बंद करणं, माणूस काही सेकंदांत कोसळतो, आणि मदत बोलावून लगेच छाती दाबायला लागायचं असतं, मिनिटाला १०० ते १२० वेळा. फेल्युअरमध्ये हृदय चालू असतं, फक्त शरीराला हवं तेवढं पुरवत नाही, आणि अशी माणसं औषधांवर वर्षानुवर्षं जगतात. अटॅकमुळे अरेस्ट येऊ शकतो, म्हणून बोलताना सरमिसळ होते. छातीत आवळल्यासारखं होऊन जबड्यात किंवा हातात कळ गेली, दरदरून घाम फुटला, तर मात्र मला फोटो पाठवत बसू नकोस, तडक दवाखाना गाठ.

डॉक्टरांकडे जाशील तेव्हा बीपीची वही ने, आणि दाब कितीवर आणायचा आहे ते स्पष्ट विचार. इको पुन्हा करायचा की नाही, कधी, ते त्यांना ठरवू दे. आणि वहिनींना ‘चाळीस टक्के हृदय गेलं’ असं सांगून बसला असशील तर आजच्या आज दुरुस्त कर, नाहीतर उद्या त्यांचाही रिपोर्ट मलाच वाचावा लागेल.

तुझा,
अविनाश